काळ्या टेपखालचं नाव

पोळ्याच्या रात्री मी एक उद्योग केला. बाबांच्या कॅमेऱ्याच्या कपाळावर जे नाव लिहिलंय ना, त्याच्यावर काळी इन्शुलेशन टेप चिकटवली. इलेक्ट्रिशियन वापरतात तीच. कात्रीने नीट कापून, कडा नखाने दाबून. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला ग्रुपबरोबर फोटोवॉकला जायचं होतं आणि ते नाव कोणाला दिसू नये अशी माझी इच्छा होती. तसं नाव काही वाईट नाही हो. याशिका!

तुम्ही नव्वदच्या दशकात जन्मला असाल तर घरचे अल्बम एकदा काढून बघा. चिखलदऱ्याची सहल, बारशाचा पाळणा, आजीच्या पंचाहत्तरीचा केक, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट! हे फोटो बहुधा याशिकाच्या एमएफ-टू सुपरने नाहीतर कोडॅकच्या केबी टेनने काढलेले असणार. बाबांचा कॅमेरा मात्र त्याच्या वरच्या इयत्तेतला. एफएक्स-थ्री सुपर २०००. एसएलआर, पूर्ण मेकॅनिकल. दोन बटणाएवढे सेल लागतात, तेसुद्धा फक्त मीटरच्या तीन दिव्यांसाठी. सेल संपले तरी पठ्ठ्या फोटो काढतो.

बाबांनी तो १९९३ मध्ये सीताबर्डीतल्या एका दुकानातून हप्त्यावर घेतला. आठवडाभर सरकारी खात्यात क्लार्क आणि रविवारी, मुहूर्ताच्या दिवशी लग्नाचे फोटोग्राफर. माझ्या शाळेची फी कोणत्या लग्नातून आली हे आई अजून सांगू शकते. या मॉडेलला एक जगप्रसिद्ध रोग आहे. अंगावरचं काळं लेदरेट काही वर्षांनी शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून येतं. बाबांच्या कॅमेऱ्याचंही आलं. तेव्हा त्यांनी गांधीबागेतून स्कूटरच्या सीटचं मरून रेक्झिन आणलं, कंपासने गोल आखले आणि फेव्हिकॉलने चिकटवलं. आमच्या चेतकचं सीट आणि आमचा कॅमेरा, दोघांचा ड्रेस सेम!

आता ग्रुपबद्दल. नागपुरातल्या फिल्म कॅमेरावाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. नाव सांगत नाही. व्हॉट्सअॅप २०२२ पासून एका ग्रुपात १०२४ जणांना घेतं, पण या मंडळींनी आकडा मुद्दाम साठच्या आत ठेवलाय. आत यायचं तर दोन मेंबरांची ओळख लागते, आणि आल्या आल्या आपल्या कॅमेऱ्याचा फोटो टाकायचा असतो. ओळखपरेडच म्हणा ना.

बंद दारांचं हे वेड आजचं नाही. माझा चुलतभाऊ ऑर्कुटच्या काळातला. ऑर्कुट २००४ मध्ये आलं आणि २०१४ मध्ये बंद झालं, पण त्याच्या बोलण्यातून अजून जात नाही. तिथल्या कम्युनिटीमध्ये मॉडरेटरने 'अप्रूव्ह' केलं की पोरं पार्टी मागायची म्हणे! तेव्हा मला हसू यायचं. मग मी स्वतः सव्वा महिना या ग्रुपच्या दारात उभी होते, रोज रात्री मैत्रिणीला विचारत, "काय बे, झालं का माझं?"

का जायचं होतं मला तिथे? खरं सांगू? दोन कारणं. एक म्हणजे शिकायचं होतं. मास कॉममध्ये फोटोजर्नलिझमचा एक पेपर होता, त्यात आम्हाला फिल्म कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं होतं. चित्र! ग्रुपात मात्र असे लोक होते जे बाथरूममध्ये रोल डेव्हलप करतात, बंद पडलेलं शटर सोलापूरच्या चादरीवर मांडी घालून उघडतात. दुसरं कारण कामाचं. शहरातली लग्नं, इव्हेंट, कॅफेंचे मेनू शूट, अशी कितीतरी कामं या ग्रुपमधून फिरतात. फ्रीलान्सर माणसाला मानधनाच्या चेकची वाट बघत महिने काढायची सवय असते. सेकंड शूटरची दोन दिवसांची कामंही त्याला लॉटरीसारखी वाटतात.

तर ओळखपरेडला मी काय टाकलं? मैत्रिणीच्या काकांचा निकॉन एफएम टू. १९८२ चा तो दंतकथेतला कॅमेरा. काकांकडे गेले, चहा प्यायले, खिडकीजवळ स्टुलावर ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, 'माय बेबी'. अठ्ठेचाळीस थंब्ज अप! एकाने तर हात जोडलेले.

याशिकाचा फोटो का नाही टाकला? कारण आत शिरायच्या आधीच मैत्रिणीने मला तिथल्या गप्पांचे स्क्रीनशॉट दाखवले होते. तिथे एक उतरंड आहे. वर लायका, त्याखाली हॅसलब्लाड, मग निकॉन आणि कॅननची जुनी प्रो मॉडेल्स. पेंटॅक्सवाल्यांना सहानुभूती मिळते. आणि याशिका म्हटलं की "शादी-ब्याहवाला" अशी कमेंट ठरलेली. आमच्या घराचा अख्खा इतिहास त्या एका शब्दात येतो, आणि तो शब्द शिवीसारखा वापरलेला होता.

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याच्या नावात एवढं काय? मीपण तेच म्हणायचे. पण जरा आजूबाजूला बघा. ऑफिसात फोन टेबलावर उलटा ठेवणारे लोक आठवा. उलटा का? तर मागचं सफरचंद दिसावं म्हणून! लायकाचा लाल ठिपका तसाच. गंमत म्हणजे लायका परवडणारे बरेच फोटोग्राफर त्या लाल ठिपक्यावर काळी टेप लावतात. चोरांच्या नजरेत येऊ नये, रस्त्यावरच्या माणसाला बुजल्यासारखं होऊ नये, वगैरे. हे इतकं चालतं की लायका स्वतःच काही मॉडेल्स लाल ठिपक्याशिवाय विकते, आणि ती आणखी महाग असतात! म्हणजे नाव असण्याचे पैसे आणि नाव नसण्याचे जास्त पैसे.

या टेपच्या फंड्याचाच मी फायदा घेतला.

मारबतीचं तुम्हा नागपूरकरांना काय सांगायचं? पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत जुन्या नागपुरातून वाजतगाजत निघते. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. महागाई, खड्डे, पुढारी, सगळ्यांचा उद्धार. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रस्त्यावर. परंपरा एकोणिसाव्या शतकातली. इतवारीत दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा जी गर्दी होते, त्यात कॅमेरा वर धरून अंदाजाने फ्रेम घ्यायची. डोळ्याला लावायला जागाच नसते.

सकाळी तर्री पोह्यांच्या गाडीवर सगळे जमले. बाराजण होते. पहिली नजर प्रत्येकाच्या गळ्याकडे, मग चेहऱ्याकडे. माझ्या गळ्यात मरून रेक्झिनवाला, काळी टेप लावलेला कॅमेरा. एक मुलगा जवळ आला. "कस्टम स्किन केलं का? जपानहून मागवलं असेल."

मी म्हटलं, "नाही, लोकल."

"लोकल? कोण करून देतं इथे? क्लास आहे!"

स्कूटरच्या सीटला एवढी इज्जत बाप जन्मात मिळाली नसेल.

मग आले एफएम टेनवाले काका. रिटायर्ड बँक ऑफिसर, ग्रुपातले सर्वात जुने, आणि याशिकावर 'शादी-ब्याह'ची कमेंट टाकण्यात सर्वात पुढे. त्यांचा निकॉन एफएम टेन त्यांनी स्वतःच शिवलेल्या पाउचमध्ये असतो. त्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला. माझ्या पोटात गोळा. टेपकडे बघितलं नाही. डोळे मिटले, अंगठ्याने लिव्हर ओढली, शटर दाबलं. कान लावून ऐकलं. "एफएम टेनच आहे हा," ते म्हणाले. "आवाज ओळखतो ना मी. एफएम टू घरी ठेवून आली का? चांगलं केलं. गर्दीत हाच आणावा. निकॉन तो निकॉन!"

आणि मी "हो काका" म्हणाले.

काकांचं चुकलं का? तर नाही, आणि इथेच सगळी मजा आहे. जपानच्या नागानो प्रांतात कोसिना नावाची कंपनी आहे. दुसऱ्यांसाठी कॅमेरे बनवण्यात एकदम तरबेज. १९९५ चा निकॉन एफएम टेन बनवला कोसिनाने. १९९० चा कॅनन टी सिक्स्टी, कोसिनाने. ऑलिंपसचा ओएम-२०००, तोही तिथलाच. आणि आमचा याशिका एफएक्स-थ्री सुपर २०००? कोसिना! आतला सांगाडा बराचसा एकाच खानदानातला. वरची टोपी वेगळी, लेन्स अडकवायचा माउंट वेगळा आणि कपाळावरचं नाव वेगळं. दोन्हींचं शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जातं, दोन्हींत मीटरच्या त्याच तीन खुणा: अधिक, शून्य, उणे. एकाच हलवायाने संत्रा बर्फी करावी आणि चार दुकानांनी आपापल्या डब्यात भरून विकावी, तसं. खाणारा म्हणणार, या डब्यातलीच भारी!

हे मला त्या दिवशी माहीत होतं. घरी चार महिने याशिकावर वाचन करून मी त्यात पार बुडाले होते. तरी तोंड उघडलं नाही.

वाचता वाचता आणखी बरंच सापडलं होतं. लायकाचा डी-लक्स थ्री हा छोटा डिजिटल कॅमेरा आणि पॅनासॉनिकचा एलएक्स टू, हे २००६ चे जुळे भाऊ. लाल ठिपकावाला भाऊ महाग. २०१२ मध्ये हॅसलब्लाडने 'लूनार' नावाचा कॅमेरा जाहीर केला: आत सोनीचा नेक्स-सेव्हन, बाहेर लाकडाची मूठ, किंमत मूळ सोनीच्या कितीतरी पट. लोकांनी इतकी टर उडवली की बिचारा मारबतीतला बडगाच झाला.

आणि याशिका? तिची गोष्ट वाचून मला खरंच वाईट वाटलं. १९४९ मध्ये नागानोमध्येच सुरू झालेली कंपनी. सत्तरच्या दशकात जर्मनीच्या कार्ल झाइसबरोबर कॉन्टॅक्स कॅमेरे बनवणारी. त्यामुळेच बाबांच्या या 'शादी-ब्याहवाल्या' कॅमेऱ्यावर झाइसच्या लेन्स थेट बसतात. १९८३ मध्ये कंपनी क्योसेराकडे गेली, २००५ मध्ये क्योसेराने कॅमेऱ्याचा धंदाच गुंडाळला. उरलं ते नाव. ते नाव विकलं गेलं, आणि २०१७ मध्ये हाँगकाँगच्या एका कंपनीने त्या नावाने 'वाय थर्टीफाइव्ह' काढला. दिसायला अगदी साठच्या दशकातला याशिका इलेक्ट्रो. आत स्वस्तातला डिजिटल कॅमेरा. वर एक प्लॅस्टिकचा खोटा फिल्म रोल घालायचा, त्यात फिल्म नाही, मेमरी नाही, तो फक्त सेटिंग बदलतो. प्रत्येक फोटोआधी लिव्हर फिरवायची, उगीचच! यासाठी किकस्टार्टरवर लोकांनी दहा लाख डॉलरहून जास्त पैसे दिले आणि कॅमेरा हातात आल्यावर कपाळावर हात मारला.

मला वाटतं त्या लोकांना कॅमेरा नकोच होता. त्यांना त्यांच्या बाबांचा रविवार हवा होता. नाव बघून त्यांना तो मिळेल असं वाटलं.

जुनं दिसणाऱ्या सगळ्याच कॅमेऱ्यांना मी नावं ठेवत नाही. फुजीचा एक्स-१०० २०११ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या अंगावर शटरची गोल तबकडी होती, लेन्सवर अॅपर्चरची रिंग होती, आणि ती शोभेची नव्हती, चालत होती. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून कळतं सेटिंग काय आहे. याला मी डिझाइन म्हणते. १९८६ मध्ये कॅननच्या टी-नाइन्टीने कॅमेऱ्याला जी गोलगोल मूठ दिली, ती हातात छान बसते, नंतर सगळ्यांनी उचलली. पण एका चाकाने पाच कामं करायची सवयही तिथूनच लागली. काय चालू आहे हे बघायला स्क्रीन पेटवावी लागते. बाबांच्या कॅमेऱ्यात बघायला आहे काय? तीन गोष्टी. वेग, अॅपर्चर, फोकस. बास. या उलट लायकाने २०१८ मध्ये एम टेन-डी काढला. मागे स्क्रीनच नाही आणि जिथे फिल्म ओढायची लिव्हर असायची तिथे तशीच दिसणारी लिव्हर. ती फक्त अंगठा टेकवायला! आता याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. मी तर खोटी बटणं लावलेला कुर्ता म्हणते.

असो. मारबत.

रोल धुऊन आला तेव्हा त्यातली एक फ्रेम बघून मी स्वतःच गप्प झाले. पिवळी मारबत मागे आउट ऑफ फोकस, आणि पुढे एक म्हातारी, हात उंचावून, तोंड उघडं, काहीतरी ओरडतेय. तिच्या बांगडीवर ऊन. फोटो ग्रुपात टाकला. मग काय! 'निकॉनचा कॉन्ट्रास्ट.' 'हा मायक्रोकॉन्ट्रास्ट फक्त निक्कॉर ग्लासमध्ये.' 'एफएम टेनला कमी समजू नका, मी सांगत होतो,' इति काका. संध्याकाळी अॅडमिनचा फोन: डिसेंबरमध्ये एक मोठं लग्न आहे, दोन दिवस, सेकंड शूटर म्हणून येशील का? रक्कम ऐकून मी गच्चीवर जाऊन एकटीच नाचले.

या आनंदात एक गोष्ट विसरायला बघत होते, ती इथे लिहूनच टाकते. फोटोवॉकच्या आधीच्या महिन्यात कामठीचा एक मुलगा ग्रुपात आला होता. ड्रॅगन पॅलेस टेम्पलचा पहाटेचा फोटो टाकला त्याने. सुंदर होता. पण फोनवर काढलेला. त्याच्याकडे फिल्म कॅमेरा होता, मामाचा, पण रोलला पैसे जमले की टाकेन म्हणाला. आजकाल एका रोलला हजार-बाराशे सहज जातात, आणि धुवायला कुरियरने मुंबईला पाठवा ते वेगळंच. ग्रुपने त्याची अर्धा तास चेष्टा केली. 'प्लॅस्टिक की लेन्स.' 'यहाँ सेल्फी नहीं चलती भाई.' मग अॅडमिनने काढलं. नियम होता, फिल्मचेच फोटो, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. मीसुद्धा एक हसणारी स्मायली टाकली होती. स्वतः उसन्या एफएम टूवर आत शिरलेली मी! तेव्हा वाटलं, आपण हसलो नाही तर आपल्याकडे बघतील.

त्या रविवारी बाबांना मारबतीचा फोटो दाखवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते हल्ली फोटो नाकाजवळ धरून बघतात. बराच वेळ बघितला. "फोकस बरोबर बांगडीवर घेतला तू," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे फिल्मफेअर. मग मी उत्साहात ग्रुपवरच्या कमेंट्स वाचून दाखवायला लागले. तीन-चार वाचल्या आणि माझ्याच लक्षात आलं की मी काय वाचतेय.

"निकॉन काऊन म्हणून राहिले ते?" बाबांनी विचारलं.

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यांना तसं वाटलं, मी कशाला बोलू वगैरे.

"कॅमेरा कोणता म्हणून सांगितलं तू?"

आता घरात टीव्ही चालू असता तर बरं झालं असतं. बाबा रागावले नाहीत. उठले, कपाटातून कॅमेरा आणला, टेपचं टोक नखाने उचललं आणि सावकाश ओढली. टेपचा चिकटा नावाच्या अक्षरांत बसला होता. कापसावर थोडं रॉकेल घेऊन ते पुसत बसले. आई स्वयंपाकघरातून बघत होती. कोणी काही बोललं नाही. पुसून झाल्यावर कॅमेरा परत पाउचमध्ये ठेवला आणि म्हणाले, "जेवायला घ्या."

रात्री मी ग्रुपवर लिहिलं. सगळं. एफएम टू माझा नाही, मारबतीचा फोटो याशिकाचा आहे, लेन्स याशिकाची एमएल पन्नास एमएम, स्किन चेतकच्या सीटचं. आणि काका, तुमचा कान अगदी बरोबर आहे, कारण तुमचा आणि आमचा कॅमेरा एकाच कारखान्यातला आहे. कोसिनाचं सगळं लिहिलं. कामठीच्या मुलाबद्दलही लिहिलं. मेसेज इतका लांब झाला की खाली 'अधिक वाचा' आलं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टाकला. निळ्या टिका पटापट वाढत गेल्या. कोणी टाइप करतंय असं दिसायचं आणि थांबायचं. एकाने लिहिलं, 'खोटं बोलून ग्रुपात येणं चुकीचं आहे.' बरोबरच होतं. दुसऱ्याने, 'कोसिनाचं प्रूफ?' तिसऱ्याने एका लग्नाच्या आल्बमची ऑफर फॉरवर्ड केली, बहुधा चुकून. सव्वादहाला मला काढण्यात आलं. व्हॉट्सअॅप ते किती साध्या करड्या अक्षरात सांगतं! दुसऱ्या दिवशी डिसेंबरच्या कामाबद्दल मेसेज आला की 'टीम फायनल झाली आहे'.

मला अॅडमिनचा राग येत नाही, हे मी मोठेपणाने म्हणत नाहीये. दार बंद ठेवलं म्हणूनच तिथे गुड मॉर्निंगचे गुलाब येत नव्हते, म्हणूनच कोणीतरी रात्री बारा वाजता मला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. एवढं मोफत कोण शिकवतं? फक्त दारावर कपाळावरचं नाव बघायचे, त्याऐवजी फोटो बघितले असते तर तो कामठीचा मुलगा आज आत असता आणि मी कदाचित बाहेर. माझे त्या वेळचे बाकीचे फोटो काही ग्रेट नव्हते.

त्या मुलाचा नंबर जुन्या चॅटमधून शोधून मी सॉरी लिहिलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.

आठवड्याने फोन वाजला. एफएम टेनवाले काका. मी ऐकून घ्यायची तयारी केली. ते म्हणाले, "मॅडम, ते रेक्झिन गांधीबागेत नेमकं कुठे मिळते? माझ्याही कॅमेऱ्याचं कोपऱ्यात सुटून राहिलं."

पुढच्या रविवारी ते घरी आले. बाबांनी सेंटर टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. दोघांनी चष्मे लावले. काकांनी मागची झाकणं उघडली, आत डोकावले, बोटाने पडद्याच्या पट्ट्यांकडे दाखवलं, "बाप्पा, हे तर सेम टू सेम!" मग दोघांचा खेळ सुरू झाला. काकांनी डोळे मिटायचे, बाबांनी कोणताही एक कॅमेरा उचलून शटर दाबायचं, काकांनी ओळखायचं. सातपैकी चार वेळा चुकले. मग बाबांनी डोळे मिटले. ते तीनदा चुकले आणि म्हणाले की ऑपरेशननंतर ऐकूही कमी येते. आई चहा घेऊन आली तेव्हा बाबा काकांना आपला जुना कंपास दाखवत होते.

"कोणता रंग घेऊन राहिले तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"मरूनच घ्यावा म्हणतो."

"नका घेऊ. उन्हात तापते. तुमची स्कूटर कोणती होती?"

"लॅम्ब्रेटा. आकाशी सीट होतं तिचं."

"मग आकाशी बघू," बाबा म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.